फ्रान्समधली चित्रासारखी गावं पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः दोन भागांबद्दल आहे: पूर्वेला जर्मनीच्या सीमेलगतचा अल्सास आणि नैऋत्येला दॉर्दोन्य नदीचं खोरं. गोष्टीच्या पुस्तकातली वाटावीत अशी गावं फ्रान्सभर आहेत. पण या दोन भागांत ती इतकी जवळजवळ आहेत की एका मुक्कामावरून बरीच पाहून होतात. बाकीच्या भागांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

पहिल्यांदाच जातोय. अल्सास निवडावं की दॉर्दोन्य?

स्वतः गाडी चालवणार नसाल तर अल्सास, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. तिथे कोल्मार हे रेल्वेचं मोठं स्टेशन असलेलं शहर आहे आणि एगिसाइम, कायझर्सबर्ग, रिकवीर, रिबोविले ही गावं त्याच्यापासून साधारण ७ ते १६ किलोमीटरच्या आत आहेत. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांतले जिरॅनियम, गावाला लागून द्राक्षमळे आणि छपरांवर करकोच्यांची घरटी, असं हे दृश्य.

दॉर्दोन्यमध्ये रंग कमी आणि दगड जास्त. मधाच्या रंगाची चुनखडीची घरं कड्याला चिकटलेली, खाली नदी, वर किल्ला. तिथे गाडीशिवाय हाल होतात. मात्र किल्ल्यांची आवड असलेल्या आणि दोनतीन कुटुंबं मिळून घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्यांना दॉर्दोन्य जास्त आवडेल. एका आठवड्यात दोन्ही करू नका. मधला प्रवासच जवळपास अख्खा दिवस खातो.

‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही यादी सरकारी आहे का? तीच धरून फिरावं का?

यादी सरकारी नाही, गावांच्या संघटनेची आहे. कोलोंज-ला-रूज या लाल वालुकाश्माच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी १९८२ मध्ये ती सुरू केली. आज यादीत १८० च्या आसपास गावं आहेत. लोकवस्ती २,००० च्या आत हवी, गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत आणि अर्ज करण्याचा ठराव गावाच्या परिषदेने केलेला हवा, या मूळ अटी. शिवाय तज्ज्ञ येऊन पाहणी करतात, नंतरही तपासणी होत राहते आणि दर्जा घसरला तर नाव निघतं.

म्हणून यादी भरवशाची आहे, पण पुरेशी नाही. रिबोविले किंवा दॉर्दोन्यमधलं सार्ला यादीत नाहीत, कारण त्यांची लोकसंख्याच जास्त आहे. कायझर्सबर्गही यादीत नाही, तरी २०१७ मध्ये ते टीव्हीवरच्या मतदानात फ्रेंच लोकांचं सर्वांत आवडतं गाव ठरलं. एगिसाइम मात्र यादीतही आहे आणि २०१३ मध्ये त्याच मतदानात पहिलंही आलं होतं.

ही घरं खरोखर जुनी आहेत की पर्यटकांसाठी सजवलेली?

बहुतेक खरी जुनी आहेत, पण सगळीकडे नाही, आणि त्यामागचं कारण माहीत असलं की गाव वेगळंच दिसू लागतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोल्मारभोवती मोठी लढाई झाली. बेनवीर, मित्तेलवीर आणि सिगोल्साइम ही गावं त्यात जवळपास जमीनदोस्त झाली. हाकेच्या अंतरावरचं रिकवीर वाचलं. त्यामुळे आज रिकवीरमध्ये सोळाव्या शतकातल्या घरांच्या रांगा आणि १२९१ मधला २५ मीटर उंचीचा दोल्दर बुरूज दिसतो, तर बेनवीरमध्ये युद्धानंतर बांधलेली साधी घरं. बसमधून जाताना बेनवीर लागतं. कॅमेरा खाली ठेवून ते गावही जरूर पाहा.

अल्सासच्या घरांचा तळमजला बहुधा दगडी आणि वरचे मजले लाकडी असतात. ओकच्या तुळया एकमेकींत खाचा करून बसवतात, लाकडी खुंट्यांनी पक्क्या करतात आणि मधल्या जागा माती व गवताच्या काल्याने भरतात. अशी चौकट सोडवून दुसरीकडे पुन्हा उभी करता येई. तुळयांवर कोरलेल्या सुतारांच्या खुणा काही घरांवर अजून दिसतात, त्या जोडणीचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी असत. दाराच्या चौकटीवर साल आणि मालकाच्या धंद्याचं चिन्हही पाहा: पीपं बनवणारा, बेकरीवाला, द्राक्ष पिकवणारा.

दॉर्दोन्यमधल्या काही जुन्या छपरांवर कौलं नसतात, तर चुनखडीच्या चपट्या लाद्या असतात. एका चौरस मीटरला त्यांचं वजन अर्धा टन किंवा त्याहूनही जास्त भरतं. हे वजन पेलावं म्हणूनच छपरं इतकी उभट आणि भिंती इतक्या जाड आहेत. दुरुस्तीचा खर्च प्रचंड असल्याने अशी छपरं आता कमी उरली आहेत.

किती दिवस लागतील? दिवसाला किती गावं पाहावीत?

अल्सासला तीन रात्री, दॉर्दोन्यला चार. दिवसाला दोन गावं, फार तर तीन.

नकाशावर अंतरं लहान दिसतात म्हणून लोक पाचसहा गावं एका दिवसात ठरवतात. एगिसाइमच्या गोलाकार गल्लीला वळसा घालायला अर्धा तास पुरतो, हे खरं आहे. पण गाडी लावणं, चालत आत जाणं, जेवणाची वेळ साधणं, बसची वाट पाहणं या सगळ्यात प्रत्येक गावामागे दोनअडीच तास जातात. चौथ्या गावापर्यंत सगळी घरं सारखी दिसू लागतात.

आमचा ठाम सल्ला: निदान एक रात्र गावातच राहा, शहरात नाही. सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात रिकवीरचा मुख्य रस्ता बसने आलेल्या गटांनी भरलेला असतो. सकाळी ८ ला तिथे बेकरी उघडी असते, कोणी अंगण झाडत असतं, आणि फोटोत माणसांची गर्दी येत नाही. मेच्या शेवटी सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे गट निघून गेल्यावरही चार तास उजेड असतो, आणि हेच चार तास दिवसभराच्या सहलीत हातून जातात.

मुंबईहून अल्सासला कसं पोहोचायचं?

मुंबई ते पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंत थेट विमान आहे. विमानतळाच्या टर्मिनल २ खालीच वेगवान गाड्यांचं स्टेशन आहे आणि तिथून दिवसातून मोजक्या गाड्या थेट स्ट्रासबूर्गला जातात. सुमारे दोन तास लागतात. त्या वेळा जुळल्या नाहीत तर पॅरिसमध्ये गार द ल’एस्त स्टेशनावर जा. तिथून स्ट्रासबूर्ग पावणेदोन तास, आणि काही गाड्या पुढे थेट कोल्मारपर्यंत जातात. स्ट्रासबूर्ग ते कोल्मार लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास.

वेगवान गाडीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त मिळतं. मात्र ते ठरावीक गाडीचंच असतं. विमानाला उशीर झाला तर स्वस्त तिकीट वाया जातं, म्हणून उतरल्यापासून निदान तीन तासांचं अंतर ठेवा. लोकल गाडीच्या साध्या तिकिटाला आरक्षण लागत नाही.

स्वित्झर्लंडच्या सहलीला जोडता येईल का?

उत्तम प्रकारे, आणि फार कमी लोक हे करतात. बाझल स्टेशनातून कोल्मारला थेट लोकल गाडी आहे, पाऊण तासाची.

बाझल-मुलूझ विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे, पण त्याला फ्रेंच आणि स्विस अशा दोन बाजू आहेत. गाडी भाड्याने घेताना बुकिंगमध्ये फ्रेंच बाजू निवडा. ती सहसा स्वस्त पडते आणि परतीच्या वेळी स्विस बाजूच्या रस्त्याला लागण्याचा घोळ होत नाही.

दुसरी जोड: जिनिव्हा सरोवरावरच्या स्विस गावातून, न्योनहून, बोटीने समोरच्या काठावरच्या इव्वार या फ्रेंच गावी जाता येतं. वीसेक मिनिटांचा प्रवास. गाव चौदाव्या शतकातलं, तटबंदीचं, फुलांनी भरलेलं. पासपोर्ट जवळ ठेवा आणि थोडे युरो घ्या.

पॅरिसहून एका दिवसात काही होईल का?

अल्सास नको. जाऊन येऊन पाच तास गाडीत जातील आणि गाव नेमकं गर्दीच्या वेळी दिसेल. एकच दिवस असेल तर गार द ल’एस्तहून लोकल गाडीने प्रोव्हँला जा, सुमारे दीड तास. ते गाव म्हणण्यापेक्षा मध्ययुगीन बाजारपेठेचं छोटं शहर आहे आणि २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुक्काम लियोंला असेल तर तिथून अर्ध्या-पाऊण तासावर मेक्सिमिय-पेरूज स्टेशन आहे. स्टेशनातून वीसेक मिनिटांची चढण चढली की पेरूज हे टेकडीवरचं मध्ययुगीन गाव. नदीतल्या गोट्यांची फरसबंदी आहे, जाड तळव्याचे बूट हवेतच.

मेची सुट्टी, दिवाळी की नाताळ?

मे दोन्ही भागांना चांगला. करकोचे पिल्लांसकट घरट्यात असतात, हवा १० ते २२ अंशांच्या आसपास असते. फक्त सुट्ट्या पाहून ठेवा: १ मेला जवळपास सगळं बंद असतं, ८ मेलाही सुट्टी असते आणि त्यापुढे ईस्टरवरून ठरणाऱ्या दोन सुट्ट्या येतात. त्यांना जोडून फ्रेंच लोक स्वतःच फिरायला निघतात आणि खोल्या भरतात.

दिवाळीत अल्सास. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत द्राक्षमळे पिवळे-तांबूस होतात. सह्याद्रीपलीकडचा माण-फलटणचा पट्टा जसा कोरडा राहतो, तसंच व्होज पर्वत ढग अडवत असल्याने कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. शरद ऋतूतही कोरडे दिवस मिळण्याची शक्यता बरी असते. दॉर्दोन्यमध्ये मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हॉटेलं, बोटी आणि बरीच रेस्टॉरंट बंद होतात, ती थेट ईस्टरच्या आसपास उघडतात.

जुलै-ऑगस्ट टाळता आले तर टाळा. प्रोव्हान्समधली लॅव्हेंडरची शेतं पाहायची असतील तरच जुलै: गोर्दच्या आसपास जूनच्या शेवटापासून, व्हालांसोलला जुलैच्या मध्यापर्यंत, उंचावरच्या सो गावाकडे जुलैअखेरपर्यंत. एकदा कापणी झाली की शेतात करडे बुंधेच उरतात.

अल्सासचे नाताळबाजार गर्दीच्या मानाने पाहण्यासारखे आहेत का?

आहेत, पण आठवड्याचा वार पाहून. स्ट्रासबूर्गचा बाजार १५७० पासून भरतो. तो आणि कोल्मारचा बाजार नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन रोज चालतो. कायझर्सबर्गसारख्या गावांतले बाजार प्रामुख्याने शनिवार-रविवारचे असतात, तर रिबोविलेचा मध्ययुगीन थाटाचा बाजार डिसेंबरमधल्या दोनच शनिवार-रविवारी. चूक होते ती इथेच: मंगळवारी कायझर्सबर्गला जाऊन लोक बंद टपऱ्या पाहून परततात. जाण्याआधी त्या वर्षीच्या तारखा गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या पानावर पाहा.

शनिवारी दुपारी गाडीने जाऊ नका. गावाबाहेर किलोमीटरभर रांग लागते. बाजाराच्या दिवसांत कोल्मारहून खास बसगाड्या सुटतात, त्या घ्या. पावणेपाचला अंधार पडतो, म्हणून तीनला पोहोचा, उजेडात गाव पाहा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. २५ डिसेंबरला सगळं बंद. २६ डिसेंबर आणि गुड फ्रायडे या फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी नसलेल्या सुट्ट्या अल्सासमध्ये असतात.

गाडीशिवाय अल्सासची गावं कशी फिरायची?

कोल्मार स्टेशनाजवळून प्रादेशिक बस सुटतात. या जाळ्याचं नाव फ्लुओ. बस सोमवार ते शुक्रवार बऱ्यापैकी, शनिवारी कमी आणि रविवारी-सुट्टीच्या दिवशी फारच तुरळक असतात. वेळापत्रकात शाळा चालू असतानाच्या आणि शाळेच्या सुट्टीतल्या फेऱ्या वेगळ्या असतात. अडकण्याचं हे सर्वांत मोठं कारण. परतीची शेवटची बस संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास निघून जाते, म्हणून आधी परतीची वेळ लिहून घ्या आणि मग जाण्याची ठरवा.

सर्वांत सुंदर मार्ग पायी आहे. बसने रिकवीरला उतरा, द्राक्षमळ्यांतून अर्ध्या-पाऊण तासात उनावीरला या, तिथलं तटबंदीचं चर्च पाहा (कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचीही प्रार्थना तिथे होते) आणि आणखी तेवढंच चालून रिबोविलेला पोहोचा. तिथून परतीची बस. एकूण पाचेक किलोमीटर, चढ सौम्य, सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी घ्या. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणीच्या दिवसांत काही वाटा बंद ठेवतात. एगिसाइम सायकलनेही अर्ध्या तासात गाठता येतं.

भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते का?

येते, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत फ्रेंच भाषांतर हवं. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो: ‘सारथी’ पोर्टलवर फॉर्म ४-ए, सोबत पासपोर्ट आणि मूळ परवाना, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही जवळ ठेवावा लागतो, नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही.

बुकिंग करताना ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम निवडा. काहीच निवडलं नाही तर हाताने गिअर टाकायची गाडी मिळते, आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकणं पहिल्या दिवशी जड जातं. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड काउंटरवर नाकारलं जाणं ही नेहमीची तक्रार आहे.

रस्त्यावर आपल्या लोकांकडून कोणत्या चुका होतात?

पहिली आणि धोक्याची: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. चौकात कोणतीही पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग तुमचा रस्ता कितीही मोठा असो. गावांमध्ये हा नियम पदोपदी लागतो. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी असलेली पाटी दिसली तर हक्क तुमचा.

दुसरी: लाल किनारीची, गावाचं नाव लिहिलेली पाटी दिसली की वेगमर्यादा ५० झाली, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. नावावर तिरकी रेघ मारलेली पाटी येईपर्यंत ती लागू. अनेक गावांच्या आत ३०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर सहसा ८०, महामार्गावर १३० आणि पावसात ११०. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड नंतर येतो, शिवाय भाड्याची कंपनी तुमचं नाव कळवण्याचे पैसे वेगळे कापते.

तिसरी: मॅपवर विसंबून गावाच्या आतल्या गल्लीत गाडी घालणं. मध्ययुगीन गल्ल्या दोन मीटर रुंदीच्याही असतात. आरसा खरचटला की अनामत गेली. गाडी गावाच्या तटाबाहेर लावा. वाहनतळ जवळपास सगळीकडे पैसे देऊन आहेत, आणि निळ्या रेषांच्या जागी वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. ती तंबाखूच्या दुकानात मिळते.

कार्ड चालतं का? रोख किती ठेवावी?

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. भारतात नवीन कार्डावर ते मुळात बंद असतात. चार आकडी पिन पाठ हवा. माणूस नसलेल्या पेट्रोलपंपावर कार्ड घातल्यावर १०० ते १५० युरो तात्पुरते अडकवले जातात आणि खरा हिशेब नंतर होतो. फॉरेक्स कार्डावर तेवढी शिल्लक नसेल तर पंप इंधनच देत नाही. आठवडी बाजार, सार्वजनिक स्वच्छतागृह, छोटी बेकरी यांसाठी माणशी ४०-५० युरो सुट्ट्या नोटांत आणि नाण्यांत पुरतात.

राहायला काय बघावं?

दोघांसाठी घरगुती खोली, म्हणजे शांब्र दोत. सकाळचा नाश्ता त्यात धरलेला असतो. मोठ्या कुटुंबासाठी जीत, म्हणजे स्वयंपाकघरासह अख्खं घर. जीत जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा शनिवार ते शनिवारच देतात. चादरी-टॉवेल आणि शेवटची सफाई यांचे पैसे वेगळे असू शकतात, ते आधी विचारा. घरमालक सहसा दुपारी ४ ते ७ मध्येच किल्ली देतात. येण्याची वेळ कळवली नाही तर दार बंद मिळतं, तिथे रात्रभर उघडं स्वागतकक्ष नसतं. जुन्या घरांत लिफ्ट जवळजवळ नसतेच आणि जिने अरुंद व गोल असतात. गोट्यांच्या रस्त्यावर मोठ्या ट्रॉलीची चाकं मोडतात, दोन छोट्या बॅगा बऱ्या.

स्वयंपाक करणार असाल तर लक्षात ठेवा: शेगडी बरेचदा इंडक्शनची असते, तिच्यावर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

अल्सासमध्ये निभावतं, दॉर्दोन्यमध्ये फार विचारून खावं लागतं.

अल्सासमधला आधार म्हणजे फ्लामक्युश: पातळ लाटलेली पोळी, त्यावर मलईदार ताजं चीज, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, भट्टीत भाजलेली. ती मागणीनुसार बनते, म्हणून ‘सां लार्दों’ म्हटलं की मांसाशिवाय मिळते. मशरूमची ‘फोरेस्तिएर’ मागितली तरी ‘सां लार्दों’ म्हणावंच लागतं, मशरूम आले म्हणून मांस निघत नाही. बऱ्याच ठिकाणी भट्टी फक्त संध्याकाळी पेटते. कांद्याचा टार्ट मात्र सकाळीच तयार करून ठेवलेला असतो, त्यातून मांस काढता येत नाही. आंबवलेली कोबी मांसाशिवाय मागितली तरी ती बहुधा चरबीतच शिजवलेली असते.

दॉर्दोन्यमध्ये सगळीकडे बदक आहे. सार्लाच्या पद्धतीचे बटाटे निरागस दिसतात, पण ते बदकाच्या चरबीत परततात. भाजीचं सूपसुद्धा मांसाच्या रश्श्यावर असू शकतं. ‘जे न मांज नी व्हियांद, नी प्वासों’ (मी मांस आणि मासे खात नाही) हे वाक्य कागदावर फ्रेंचमध्ये लिहून ठेवा आणि चरबीबद्दल वेगळं विचारा. म्युन्स्टरसारखी बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतात, तेव्हा कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी त्यांपासून लांब राहावं. या लोकांसाठी स्वयंपाकघर असलेलं घर हाच खरा उपाय. आठवडी बाजारातून भाजी, अक्रोड, फळं आणा. सार्लाचा मोठा बाजार शनिवारी सकाळी आणि छोटा बुधवारी भरतो. साडेबारानंतर आवराआवर सुरू होते.

घरून काय नेता येतं?

कोरडे मसाले, डाळी, पोहे, भाकरवडी, चकली नेता येतात. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर नको. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत; केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्यूरियन एवढे अपवाद. हापूस आणि कढीपत्ता त्यात बसत नाहीत.

जेवणाच्या वेळा पाळाव्याच लागतात का?

हो. दुपारी १२ ते दीड-दोन, रात्री ७ ते ९. अडीचला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद असतं, विनंतीने उघडत नाही. सोमवारी बरीच दुकानं आणि बेकऱ्या बंद असतात, रेस्टॉरंटचा सुट्टीचा दिवस बरेचदा मंगळवार-बुधवार असतो. रविवारच्या दुपारच्या जेवणाचं टेबल आधी सांगून ठेवा. पिण्यासाठी ‘युन काराफ दो’ मागितलं तर नळाचं स्वच्छ पाणी फुकट मिळतं. सेवाशुल्क बिलात धरलेलं असतं.

दॉर्दोन्यमध्ये कोणत्या क्रमाने फिरावं?

सार्ला किंवा त्याच्या आसपास मुक्काम करा. मोठी गावं १०-१५ किलोमीटरवर आहेत. सकाळी लवकर बेनाक: नदीकाठी गाडी लावून किल्ल्यापर्यंत चढ, उन्हाच्या आधी. समोरच्या काठावर कास्तेलनोचा किल्ला दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो इंग्रजांकडे होता. नंतर ला रोक-गाजाकहून तासाभराची बोट. हे गाव दक्षिणेकडे तोंड केलेल्या कड्याखाली असल्याने इतकं उबदार आहे की तिथे केळी आणि ताडाची झाडं वाढतात. १९५७ मध्ये कड्याचा भाग कोसळून गावात माणसं दगावली होती, म्हणून वरच्या वाटांवर बंदीची पाटी असेल तर मागे फिरा. ऊन उतरल्यावर दोम: १२८१ मध्ये राजाने वसवलेलं, टेकडीवरचं, सरळ रस्त्यांचं गाव. तिथल्या सज्जातून सगळं खोरं दिसतं.

वल्ह्याची नाव भाड्याने घेतली तर दोमच्या पायथ्यापासून बेनाकपर्यंत दोनअडीच तास लागतात आणि नाववाले गाडीने परत आणतात. पोहता येणं ही अट असते, आणि ती मुलांनाही लागू आहे.

आजी-आजोबांना झेपेल का?

गाव निवडून जा. एगिसाइम जवळपास सपाट आहे, कायझर्सबर्गचा मुख्य रस्ताही सोपा, रिकवीरला हलका चढ. ला रोक-गाजाकचा नदीकाठ सपाट. दोमला वर वाहनतळापर्यंत गाडी जाते. बेनाक आणि दॉर्दोन्यच्या दक्षिणेला लोट नदीवरचं सँ-सिर्क-लापोपी ही गावं गुडघ्यांना त्रास देतात. कड्यावरच्या रोकामादूर या तीर्थस्थानी २१६ पायऱ्या आहेत, पण लिफ्टही आहे. फरसबंदीवर चाकांची खुर्ची ढकलणं सगळीकडेच कठीण.

व्हिसाच्या कागदपत्रांत गावांमुळे काही अडचण येते का?

एकच: प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो आणि घरगुती मुक्कामाच्या पावतीवर बरेचदा एकाचंच नाव असतं. मालकाला ईमेल करून सगळ्या प्रवाशांची नावं आणि पूर्ण पत्ता असलेलं पत्र मागवा. फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा शेंगेन गटातल्या देशांसाठी व्हिसा एकच असतो, म्हणून अर्ज सर्वांत जास्त रात्री ज्या देशात त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर पहिल्यांदा ज्या देशात उतराल त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

गावात वागताना काय पाळावं?

ही शेकडो माणसांची राहती गावं आहेत, त्यात शाळा आहे, स्मशान आहे, आजारी माणसंही आहेत. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग प्रश्न विचारा. न म्हणता थेट किंमत विचारली की उत्तर कोरडं येतं, आणि दोष भाषेचा नसतो. उघडं दिसलं तरी अंगणाचं फाटक ढकलू नका, खिडकीतल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मळ्यातली द्राक्षं तोडू नका, ती कोणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहेत. वस्तीवर हौसेचा ड्रोन उडवायला फ्रान्समध्ये मनाई आहे. रात्री १० नंतर गल्लीत मोठ्याने बोललेलं दगडी भिंतींमुळे चारही घरांत ऐकू जातं.

गावात कोणी आजारी पडलं तर?

आणीबाणीत ११२, केवळ वैद्यकीय मदतीसाठी १५. किरकोळ दुखण्याला हिरव्या फुलीचं औषधाचं दुकान गाठा. रात्री किंवा रविवारी कोणतं दुकान उघडं आहे याची चिठ्ठी बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते, किंवा ३२३७ वर कळतं. नेहमीची औषधं घरून न्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असू द्या आणि तीत औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता मूळ घटकाचं नाव लिहून घ्या.